दुपारचे चार तास : सोलापुरातल्या एका युवक शिबिराचा प्रकरण अभ्यास

शिबिराचं पहिलं वेळापत्रक मी अजून जपून ठेवलंय. पिवळा कागद, कोपऱ्यात क्रूस, खाली ठळक अक्षरात 'वेळेचे काटेकोर पालन करावे'. साडेसहाला उठणं, सातला वैयक्तिक मनन, आठला नाश्ता, नऊ ते साडेदहा पहिला बायबल अभ्यास, अकरा ते साडेबारा दुसरा, एकला जेवण, दोन ते साडेतीन गटचर्चा, चार ते सहा मैदानी खेळ, सातला संदेश, दहाला दिवे बंद. ते मीच तयार केलं होतं. खरं सांगायचं तर उतरवून काढलं होतं. मी सतरा वर्षांची असताना पांचगणीच्या शिबिराला गेले होते, तिथलं हे वेळापत्रक. पुढं आमच्या चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा तेच हातात होतं, आणि ते बदलावं असं कधी मनातही आलं नाही.

पांचगणी समुद्रसपाटीपासून जवळपास १,३०० मीटरवर. मे महिन्यात दुपारी दोन वाजताही तिथं सभागृहात बसून वचनावर बोलता येतं. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांना टेकतो. एवढी साधी गोष्ट कागदावर उतरवताना आम्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. त्याचं काय झालं आणि त्यातून पुढं काय घडलं, ते नीट लिहून ठेवावं असं पाळकसाहेबांनी सुचवलं, म्हणून हे टिपण. नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

आधी, शिबिर सोलापुरातच का घेतलं ते सांगायला हवं. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा परिवार, मोठी नाही, रविवारी उपासनेला दोन-अडीचशे माणसं. त्यात दोन तऱ्हेची घरं आहेत. काही मिशनच्या काळापासूनची शिकलेली घरं : शिक्षक, परिचारिका, कारकून. आणि काही मागच्या तीस-चाळीस वर्षांत शहराच्या पूर्व भागातून आलेली, यंत्रमागावर नाहीतर विडी कारखान्यात राबणारी. त्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, सासर-माहेर सीमेपलीकडं असेल तर कन्नडही. एकाच बाकावर बसून सगळे एकच भजन म्हणतात, पण शिबिराला जाणारी मुलं मात्र कायम पहिल्याच घरांतली. माझ्या हातात आठ वर्षांच्या याद्या होत्या. एका रात्री बसून मोजलं. पूर्व भागातल्या घरांतून आठ वर्षांत मिळून पाच नावं.

कारण उघड होतं. डोंगरावरच्या शिबिराची फी बसभाड्यासकट माणशी २,८०० रुपयांवर गेली होती. हजार विड्या वळल्यावर जे हातात पडतं त्यावर घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम मागणं म्हणजे 'तुमचा मुलगा येऊ नये' असं सांगण्यासारखंच. 'गरजूंना सवलत' अशी ओळ आम्ही दरवर्षी छापत होतो. सवलत मागायला कुणी आलं नाही. येणार नव्हतंच.

शिबिर म्हणजे डोंगर, हे समीकरण आपल्याकडे आलं कुठून याचा मी थोडा विचार केलाय. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढं अहमदनगर, सोलापूर असं देशावर पसरलं. उन्हाळा सोसेना म्हणून मिशनरी कुटुंबं महाबळेश्वरला जात आणि तिथंच एकमेकांना भेटत, प्रार्थनेला बसत. देवाशी निवांत बोलायला थंड हवा लागते ही समजूत त्या प्रवासांतूनच आपल्या मंडळ्यांत मुरली असावी, असं मला वाटतं. त्यांची अडचण खरी होती, त्यांना दोष नाही. आपण मात्र त्यांची सवय उचलली आणि ती कशामुळं पडली होती ते विसरलो.

तर फेब्रुवारीत मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीत ठरलं : यंदा डोंगर नको, तीन दिवसांचं निवासी शिबिर इथंच, फी ४५० रुपये. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, "बाई, मे महिन्यात सोलापुरात शिबिर घेताय, पोरं भाजून निघतील." त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

तयारी

अक्कलकोट रस्त्याकडची एका शाळेची इमारत सुट्टीमुळं रिकामी होती, ती मिळाली. खाली उत्तरेकडं तोंड केलेल्या पाच वर्गखोल्या, त्यांच्यापुढं लांब पडवी, वर पत्र्याचं छप्पर असलेला मोठा हॉल, वर जायला जिना, बाजूला मोकळी गच्ची. अंगणात एक जुनं कडुनिंबाचं झाड. हातपंप होता, पण कोरडा.

पाण्याचा हिशेब आम्ही चोख केला होता, कारण पाण्याचा हिशेब सोलापूरकराच्या अंगातच असतो. उजनीचं पाणी शहरात येतं खरं, पण नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं तेव्हा घरातलं प्रत्येक पातेलं भरून ठेवायचं, यातच आम्ही वाढलो. शिबिरात माणसं ६२ : ४६ तरुण-तरुणी, १६ मोठी. प्यायला माणशी पाच लिटर धरलं, आंघोळीला एक बादली, स्वयंपाक आणि भांडी, संडासाचं वेगळं. दिवसाला तीन हजार लिटर. पाच हजार लिटरचे दोन टँकर सांगितले. प्यायच्या पाण्यासाठी महिला मंडळानं घरोघरचे नऊ माठ आणले. त्या माठांनी आम्हाला तारलं. इथली हवा कोरडी असल्यानं माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी झपाट्यानं वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. दमट मुंबईत हाच माठ एवढं काम करत नाही.

स्वयंपाकाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. आजवर स्वयंपाक 'सेवा' म्हणून बायका करत. या वेळी ज्या दोघी तयार झाल्या त्या विडी कामगार. एक पन्नाशीची, दुसरी तिची जाऊ. तीन दिवस विडी वळली नाही तर त्या आठवड्याची मजुरी बुडणार, हे त्या स्वतःहून बोलल्या नाहीत. पाळकसाहेबांच्या पत्नीनं ते काढून घेतलं. मग ठरलं की त्यांची तीन दिवसांची मजुरी शिबिराच्या खर्चातून द्यायची. एक-दोघांनी नाकं मुरडली, "देवाच्या कामाचे पैसे कसे द्यायचे?" पाळकसाहेब एवढंच म्हणाले की पाहुण्या वक्त्यांना आपण भाडं आणि मानधन देतोच की. विषय तिथंच संपला.

पहिला दिवस

सकाळ छान गेली. पुण्याहून आलेले वक्ते तरुण होते, मोकळे होते, मुलांना आवडले. दुसरा अभ्यास वरच्या हॉलमध्ये. बारापर्यंत पत्रा असा तापला की पंखा फिरत होता तो गरम वारा खाली ढकलायला. एकला जेवण झालं. दोनला मी शिट्टी वाजवून सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये चढवलं. हो, मीच. काही मुलं पडवीत फरशीवर आडवी झाली होती, त्यांना उठवून नेलं. 'वेळेचे काटेकोर पालन.'

पावणेतीनच्या सुमाराला मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला, दोन पावलं चालला आणि दारापाशी कोसळला. एकोणीस वर्षांचा, यंत्रमागावर कामाला जाणारा, पूर्व भागातला. पहिल्यांदाच शिबिराला आलेला.

चौघांनी उचलून पडवीत आणला. चेहरा पांढराफटक, अंग घामानं थबथबलेलं पण गार लागत होतं, नाडी जलद. शुद्ध होती. नाव विचारलं तर सांगितलं. उन्हात माणूस असा पडला की पहिल्यांदा हेच बघायचं असतं. घाम येतोय, बोलणं ठिकाणावर आहे, तर शरीर अजून झुंजतंय : सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, ओल्या फडक्यानं पुसा, वारा घाला, घोट घोट पाणी द्या. अंग तापून लाल झालंय, माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपत चाललीय, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांपलीकडं गेलेलं असतं, एकेक मिनिट मोलाचं असतं. १०८ ला फोन करायचा, आणि गाडी यायची वाट न बघता अंगावर पाणी ओतत राहायचं, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावायचा. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. हे मला माहीत होतं, कारण शाळेत प्रशिक्षण झालेलं. पण ओआरएसची पाकिटं कुठं आहेत हे मला आठवेना. ती माझ्याच पिशवीत होती.

पाच मिनिटांत रिक्षा आली, जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्तदाब उतरलेला, साखरही उतरलेली. सलाईनची बाटली लावली. डॉक्टर म्हणाले, "उन्हाचा झटका नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर होता." मग त्याला विचारलं, "शेवटचं कधी जेवलास?"

मुलगा गप्प. मी म्हटलं, "सांग रे."

"परवा रात्री, ताई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो रात्रपाळी करून तसाच शिबिराला आला होता. रात्रभर मागावर उभा, सकाळी घरी जाऊन आंघोळ, आणि नोंदणीला नऊच्या आधी हजर. झोप शून्य. त्यात उपास धरलेला. शिबिरात देव आपल्याशी बोलावा म्हणून दोन दिवसांचा उपास करायचा असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. दुपारच्या जेवणाला तो ताट घेऊन पंगतीत बसला होता, पण ताटातलं त्यानं शेजारच्याला वाढून टाकलं. कुणी बघितलं नाही. पाणीही बेताचंच प्यायला, कारण घरी मोजून प्यायची सवय.

मी रिक्षात त्याच्या शेजारी बसून परत येत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा नोंदणी अर्ज येत होता. नाव, वय, शिक्षण, बाप्तिस्मा कधी, मंडळीतली सेवा, आवडतं वचन. दोन पानी अर्ज. त्यात झोपेचा, जेवणाचा, कामाच्या पाळीचा, आजाराचा एकही प्रश्न नव्हता.

रात्रीची बैठक

रात्री दहाला मोठी माणसं पडवीत जमली. शिबिर थांबवायचं का, हाच पहिला प्रश्न. दोघांचं मत पडलं की उद्या सकाळी मुलांना घरी सोडावं. वक्ते म्हणाले, वरचा हॉल बंद करून खोल्यांत घेऊ. मी काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

स्वयंपाकाच्या मावशी, म्हणजे त्या दोघींतली पन्नाशीची, भांडी आवरून खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलल्या, आणि ते शब्द मी दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवले.

"बाई, तुमी फॉर्मात बाप्तिस्मा कधी झाला इचारलं. जेवला का, ते कोन इचारनार? प्रभूनं याईराच्या लेकीला हात धरून उठवलं. मेलेली पोरगी उठली. मग पहिलं काय सांगितलं त्यानं? हिला खायाला द्या. तितं त्यानं उपदेश नाय केला."

मार्काच्या पाचव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य ते. मी ते किती वेळा शिकवलं असेल. शब्बाथ शाळेत त्याचं चित्रही मुलांकडून रंगवून घेतलंय. पण आपण चमत्कारापाशी थांबतो, आणि 'तिला खायला द्या' हे वाचताना पुढच्या अध्यायाकडं वळायची घाई झालेली असते.

वक्त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच सांगा, दिवस कसा लावू?"

मावशींना त्यात अवघड काही वाटलं नाही. विडी वळणाऱ्या बायका उन्हाळ्यात दिवस कसा काढतात तेच त्यांनी सांगितलं. पहाटे उठून जेवढं उरकायचं तेवढं उरकायचं, ऊन डोक्यावर आलं की दार लोटून घ्यायचं, आणि सांजच्याला पुन्हा सुरुवात. रात्री अकरा वाजता जे वेळापत्रक तयार झालं ते असं : पावणेपाचला उठणं, सव्वापाचला अंगणात प्रार्थना, सहा ते साडेसात पहिला अभ्यास, मग नाश्ता, पावणेनऊ ते सव्वादहा दुसरा अभ्यास, त्यानंतर झाडलोट, पाणी भरणं, आंघोळी. पावणेबाराला जेवण. साडेबारा ते साडेचार काहीही नाही. साडेचारला पन्हं, साडेपाचनंतर खेळ, साडेसातला जेवण, साडेआठपासून गच्चीवर भजन आणि संदेश.

'काहीही नाही' हे मी कागदावर लिहिलं तेव्हा मला धाकधूक वाटली. चाळीसेक तरुण मुलं-मुली चार तास मोकळी सोडायची? मुलींच्या आयांना काय सांगू? मग ठरवलं की मुली पडवीच्या एका टोकाच्या दोन खोल्यांत, मुलं दुसऱ्या टोकाच्या दोन खोल्यांत, पडवी सगळ्यांची, आणि प्रत्येक जागी किमान दोन मोठी माणसं कायम. खोल्यांच्या दारा-खिडक्यांना गोणपाटाचे ओले पडदे लावायचे, दर तासाला त्यांच्यावर एक तांब्या पाणी. टँकरच्या पाण्यातून ते निघालं, कारण आंघोळीची बादली आम्ही अर्ध्यावर आणली. कुणी कुरकुर केली नाही.

वक्त्यांनी दुसऱ्या दिवशीचा आपला विषय बाजूला ठेवला आणि पहाटे एलीयाची गोष्ट घेतली. जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली पडलेला संदेष्टा, 'मला मरण दे' म्हणणारा. देवानं त्याला आधी झोपू दिलं. मग दूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. देवाचा मंद वाणीचा आवाज त्यानंतर किती तरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. सलाईन घेऊन, रात्रभर झोपून आलेला तो मुलगा समोर पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्याकडं कुणी मुद्दाम बघितलं नाही. बरं वाटलं मला.

विसावा

वारीत विसावा आधीपासून ठरलेला असतो. चालण्याइतकाच तो वारीचा भाग. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, पालख्या येताना आम्ही लहानपणापासून पाहिलेल्या. आणि प्रभूनं शिष्यांना एकांतात चला असं सांगितलं, त्या ठिकाणी मराठी बायबलात 'थोडा विसावा घ्या' असेच शब्द आहेत. इतकी वर्षं मी ते वचन शिबिराच्या आमंत्रणपत्रिकेवर छापत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला तास सगळे नुसते झोपले. तो घोरण्याचा आवाज मी विसरणार नाही. ४६ मुलांपैकी किती जण आधीच थकून आले होते, ते तेव्हा कळलं. दहावी-बारावीच्या परीक्षा, सुट्टीतली कामं, घरातलं पाणी भरणं, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सगळा शीण बाहेर पडत होता.

दीड-पावणेदोननंतर एकेक जण उठून पडवीत यायला लागलं. मावशी तिथं भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात काम नव्हतं, आणि काम नसलेल्या हातांचं काय करावं हे त्यांना उमगत नव्हतं. पडलेलं एक वाळकं पान उचललं, नखानं कड सारखी केली, दोन बोटांत धरून गुंडाळलं, टोक आत दुमडलं. पानाची इवलीशी विडी. शेजारी ठेवली. दुसरं पान. त्यांचं लक्ष समोर बसलेल्या मुलीच्या बोलण्याकडं होतं, बोटं आपली आपण चालत होती. तासाभरात फरशीवर वीस-पंचवीस पानं ओळीनं लागली. मी ते बघत राहिले. हजार विड्यांना अशा किती हालचाली लागत असतील, आणि तेवढ्यावर त्या माउलीनं तीन लेकरं शिकवली.

त्या पडवीत जे झालं त्याचा अहवाल देता येत नाही, आणि द्यायचाही नाही. पण एवढं सांगते. बारावीत नापास झाल्याचं घरी लपवलेला एक मुलगा तिथं बोलला. आपल्या प्रार्थना पोकळ आहेत असं वाटणारी एक मुलगी बोलली, आणि तिच्यासमोर बसलेल्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं तिला सांगितलं की आपल्यालाही पाच-सहा वर्षं तसंच वाटत होतं. एका शिक्षित घरातल्या मुलानं यंत्रमागावरच्या मुलाला विचारलं, "काय काम असतंय बे तिथं?" आणि तो तासभर सांगत बसला. ताणा कसा तुटतो, गाठ कशी मारायची, रात्री तीन वाजता झोप आली की काय करतात. एकाच मंडळीतले, एकाच वयाचे, दोघं आधी कधी बोललेच नव्हते.

शिबिराआधी आम्ही मोठ्या माणसांना एक गोष्ट पक्की शिकवली होती, ती इथं कामाला आली. कुणी मूल काही सांगू लागलं आणि म्हणालं, 'कुणाला सांगणार नाही ना?' तर 'नाही' असं वचन द्यायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळकही त्यातून सुटत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. दुसऱ्या दुपारी एका मुलीनं नेमका तोच प्रश्न मावशींच्या जावेला विचारला. त्या म्हणाल्या, "ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच सांगीन, आनि तुझ्यासंगट येईन." प्रकरण त्या कायद्यातलं नव्हतं, पण गंभीर होतं, आणि दोघी मिळून पाळकसाहेबांकडं गेल्या. यापुढचं मी लिहीत नाही.

वक्त्यांनी रात्री जेवताना सातताल आश्रमाबद्दल सांगितलं. ई. स्टॅन्ली जोन्स हे मेथॉडिस्ट मिशनरी, त्यांनी १९३० साली नैनितालजवळ ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तिथं सुरुवातीलाच प्रत्येकानं आपण का आलो, आपली गरज काय, हे सगळ्यांसमोर मोकळं करायचं अशी रीत होती. आणि सफाई कामगाराला सुट्टी देऊन त्याचं काम आश्रमातल्या माणसांनी करायचं. ऐकल्याबरोबर मुलांनी तिसऱ्या दिवशीचा स्वयंपाक अंगावर घेतला. मावशींना चुलीपाशी येऊ दिलं नाही. आमटी खारट झाली, भाकऱ्या निम्म्या जळल्या. शेंगाचटणी आणि दही होतं म्हणून निभावलं. मावशी पंगतीत बसून जेवल्या, आणि वाढायला तो कोसळलेला मुलगा होता.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री काय करायचं यावर मतभेद झाला, तो अजून पूर्ण मिटलेला नाही. आमच्या शिबिरांची रीत अशी की शेवटच्या रात्री संदेशानंतर दिवे मंद करतात, एक संथ गाणं चालू राहतं, आणि ज्यांना जीवन समर्पित करायचंय त्यांनी हात वर करावेत किंवा पुढं यावं असं आवाहन होतं. मग अहवालात आकडा जातो.

मी या वेळी ते करायला तयार नव्हते. समर्पण खोटं असतं असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं पांचगणीत अशाच रात्री झालं आणि ते टिकलं. पण त्या रात्री माझ्यासोबत हात वर केलेल्या माझ्या मैत्रिणी मला आठवतात. त्यांतल्या दोघी पुढं कित्येक वर्षं 'आपण देवाला फसवलं' या ओझ्याखाली वावरल्या, आणि मंडळीपासून दूर गेल्या. थकलेलं शरीर, अंधार, गाणं, शेजारच्याचा वर गेलेला हात, यात सतरा वर्षांच्या मुलाला आपलं मन नेमकं ऐकू येणं अवघड असतं. ज्येष्ठ पंचांना हे पटलं नाही. ते म्हणाले, आत्मा हलवत असेल त्या घटकेला आपण अडवणारे कोण? हा प्रश्न हलका नाही, आणि मी तो हलका मानत नाही.

शेवटी असं केलं : आवाहन झालं, पण हात वर करायला सांगितलं नाही. 'आज झोपा. उद्या नाश्ता झाला की कुणाला बोलावंसं वाटलं तर पडवीत मोठी माणसं बसलेली असतील' एवढंच सांगितलं. आणि त्याच रात्री नेमकी लाईट गेली. कीबोर्ड बंद, स्पीकर बंद. गच्चीवर मिट्ट काळोख. मुलांना काय करावं कळेना. मावशींनी टाळ्यांवर टिळकांचं एक जुनं भजन सुरू केलं. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली गेले, पण अभंगाच्या चालीवर प्रभूचं नाव घ्यायला त्यांनी शिकवलं, ते आमच्या आज्ज्यांच्या तोंडी राहिलं. तरुणांना शब्द येत नव्हते, ते ध्रुवपद धरत होते. मग एका मुलीनं तेलुगू गीत म्हटलं, ते पूर्व भागातल्या सगळ्यांना येत होतं. शिक्षित घरातली मुलं ते पहिल्यांदाच ऐकत होती. लाईट तासाभरानं आली, पण कीबोर्ड कुणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत एकोणीस जण बोलायला आले. काही समर्पणाबद्दल, काही शिक्षणाबद्दल, एक जण फक्त 'धन्यवाद' म्हणायला.

नंतर

तरुण संघाची बैठक आधी रविवारी दुपारी चारला असायची. ती वेळही कुणी ठरवली आठवत नाही. आता ती शनिवारी रात्री साडेआठला, पूर्व भागातल्या एका घराच्या गच्चीवर असते, कारण पाळी बदलणाऱ्यांना ती जमते. सुरुवातीचे दोन महिने पंचवीस-तीस जण आले. पावसाळ्यात संख्या घसरली, बारा-पंधरावर आली, आणि तिथं टिकली. त्यात पूर्व भागातले नऊ. आठ वर्षांतल्या पाच नावांच्या मानानं मला ते कमी वाटत नाही. जे गळाले त्यांच्या घरी आम्ही गेलो. काहींनी स्पष्ट सांगितलं की शिबिर आवडलं, पण दर आठवड्याला जमणार नाही. त्यांनाही आम्ही पुढच्या शिबिराला बोलावणार आहोत.

तो मुलगा अजून मागावर जातो. उपासाबद्दल पाळकसाहेब त्याच्याशी दोन-तीनदा बोलले. उपास वाईट नाही, पण रात्रपाळी करून उन्हात उपास धरायचा नाही, आणि धरायचा तर कुणाला तरी सांगून धरायचा, एवढंच. नोंदणी अर्ज आता एकपानी आहे. पहिले तीन प्रश्न : काल रात्री झोप किती झाली, सकाळी काय खाल्लं, कुठलं औषध चालू आहे का. बाप्तिस्म्याचा प्रश्न खाली गेला. अर्ज भरून घ्यायला टेबलाशी तोच बसणार आहे. मला वाटतं, 'उपाशी आहे' हे मला सांगायला कुणी लाजेल, त्याला सांगायला लाजणार नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चार मुलींच्या घरच्यांनी रात्री मुक्कामाला पाठवलं नव्हतं. त्या सकाळी यायच्या आणि संध्याकाळी सातला रिक्षानं परत जायच्या, सोबत महिला मंडळातली एक बाई. पहाटेचा अभ्यास आणि रात्रीची गच्ची, दोन्ही त्यांचं हुकलं. लाईट गेलेल्या त्या रात्रीबद्दल बाकीच्या मुली बोलत होत्या तेव्हा त्या चौघी ऐकत बसल्या होत्या. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. एका आईनं स्वतःच मुक्कामाला यायची तयारी दाखवलीय, लेकीसोबत. तशा चार आया आल्या तर मुलींच्या शेजारची खोली त्यांच्यासाठी ठेवायची असं ठरवलंय. पाण्याचा हिशेब त्याप्रमाणे वाढवावा लागेल. टँकरवाल्याशी बोलणं झालंय.